रिता धागा

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बाईनं आम्हाला फसवलं. माझ्या नवऱ्यानं शेवटच्या वर्षात आभाळात जो धागा शोधून काढला, तो तिथे नव्हताच. तो मी घातला होता. ऑफिसात बसून, चहा पीत पीत, पूर्ण शुद्धीत.

आणि त्याचा मला पगार मिळत होता. आमच्या व्यवसायात असलं खोटं करायला रीतसर माणूस नेमतात, आणि त्यासाठी सगळ्यात प्रामाणिक माणूस शोधतात. हसू नका, खरंच तसं आहे. माझी नेमणूक झाली तेव्हा मला कोण अभिमान वाटला होता! सासूबाईंना फोन करून सांगितलं. त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी देवापुढे साखर ठेवली.

नीट सांगते. 'विशालाक्षी' नावाची आपली दुर्बीण पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर सूर्याकडे पाठ करून असते. आधीच्या मोठ्या दुर्बिणी आभाळाचा नखाएवढा तुकडा निवडायच्या आणि त्यातच खोल खोल बघत बसायच्या. विशालाक्षीला खोलही दिसतं आणि रुंदही दिसतं. तिच्या एका फोटोत पौर्णिमेचे दोन-तीन डझन चंद्र शेजारी शेजारी मावतील. असे फोटो ती वर्षानुवर्षं काढतेय आणि त्यांत अब्जावधी दीर्घिका आहेत. लांबच्या दीर्घिकेचा उजेड आपल्यापर्यंत यायला अब्जावधी वर्षं लागतात, म्हणून लांबची दीर्घिका दिसते ती तिच्या लहानपणातली, आणि जवळची दिसते ती उतारवयातली. दीर्घिका कशा जन्मतात, कशा वाढतात, कुठल्या वयात त्यांच्यात नवे तारे घडायचे थांबतात, हे सगळं त्या फोटोंत ओळीनं मांडलेलं असतं.

पण आम्हाला सगळ्यात जास्त हवा असतो तो न दिसणारा पदार्थ. विश्वातला बहुतेक पदार्थ काळा आहे. तो उजेड देत नाही, अडवत नाही, फक्त ओढतो. त्याचे लांबच लांब धागे विश्वभर जाळ्यासारखे पसरलेत आणि त्या धाग्यांवर दीर्घिका जन्मतात. आता न दिसणारं शोधायचं कसं? मोरीच्या फरशीवर पाणी सांडलं की खालच्या रेघा किंचित वाकलेल्या दिसतात ना, तसं. धाग्याच्या ओढीनं मागून येणारा उजेड जरासा वाकतो, आणि मागच्या दीर्घिका जराशा ताणलेल्या दिसतात. एका दीर्घिकेकडे बघून काही कळत नाही, कारण त्या मुळातच वाकड्यातिकड्या असतात. लाखोंची सरासरी काढली की मग पाणी कुठे सांडलंय ते समजतं.

गोम आहे ती इथेच. लाखो वाकड्या आकारांची सरासरी काढताना माणसाला हवं ते दिसायला लागतं. शास्त्रज्ञ झाला म्हणून काय झालं, माणूसच ना! म्हणून आम्ही फोटोंत मीठ घालतो. म्हणजे काय, तर फोटो बाकीच्यांच्या हातात पडण्याआधी एकच माणूस त्यांत गुपचूप काही खोट्या खुणा मिसळतो. कुठे आणि कसल्या, ते फक्त त्यालाच माहीत. बाकीच्यांनी जे सापडेल ते खरं धरून मोजायचं, तपासायचं, शेवटच्या स्वल्पविरामापर्यंत पेपर लिहायचा आणि गोठवायचा. गोठवला की त्यातला एक शब्दही बदलता येत नाही. मग भर सभेत मीठवाल्यानं सांगायचं, काय खरं होतं आणि काय मीठ होतं. मीठ जसंच्या तसं पकडलं गेलं तर पद्धत चोख. निसटलं तर पद्धतीत भोक.

विशालाक्षीची मीठवाली मी, वृंदा घोरपडे. आणि ज्या लोकांपासून ते लपवायचं त्यांच्यातला एक माझा नवरा, श्रीरंग घोरपडे. मी त्याला रंगा म्हणायची.

नवरा-बायको एका छताखाली राहणार म्हटल्यावर विशालाक्षीच्या समितीनं आमच्याकडून वचन घेतलं होतं. मी बोलायचं नाही हे तर झालंच. पण रंगानं आपण होऊन आणखी एक कलम घातलं. "ही बोलली नाही तरी तिचा चेहरा बोलतो," तो समितीपुढे म्हणाला. "लग्नाला इतकी वर्षं झाली, हिनं भाजीत तिखट जास्त टाकलंय हे मला ताट वाढायच्या आधी कळतं. तेव्हा कामाचा विषय निघाला की मी हिच्या तोंडाकडे बघणार नाही." लोक हसले, पण त्यानं ते अक्षरशः पाळलं. घरात कामाचं काही सांगायचं असलं की तो फ्रिजकडे तोंड करून उभा राहायचा. "फ्रिजराव, आज काय झालं ऐका," अशी सुरुवात करायचा. मी मागे कणीक मळत ऐकायची. आमची शाल्मली लहानपणी शाळेत सांगून आली होती की माझे बाबा फ्रिजशी बोलतात.

आता रित्या धाग्याचं सांगते. रंगानं पीएचडी करताना एक कल्पना मांडली होती. दीर्घिका जन्मायला नुसता काळा धागा पुरत नाही, तो धागा वेळेवर गार वायूनं भरावा लागतो. एखादा धागा भरायचा राहून गेला, तर तो तसाच रिकामा राहील. लांबलचक, जड, आणि त्यावर एकही दीर्घिका नाही. आभाळातल्या मोठमोठ्या पोकळ्यांत असा रिता धागा सापडेलच, असं त्याचं म्हणणं. लोकांनी खूप टिंगल केली. परिषदांत जेवणाच्या रांगेत कुणाच्या ताटलीत काही पडलं नसलं की म्हणायचे, "घोरपड्यांचा धागा वाढलाय वाटतं." रंगा हसायचा. घरी आला की हसायचा नाही. प्रत्येक नव्या पाहणीत तो शोधायचा आणि दर वेळी हात हलवत परत यायचा.

मीठ निवडायचा नियम असा, की लोकांना जे खरं निघावंसं वाटतं तेच घालायचं. मोह तिथेच होतो ना! माझ्यासमोर बऱ्याच कल्पना होत्या आणि त्यांत रंगाचा धागाही होता. नवऱ्याची म्हणून ती बाजूला ठेवली असती तर तोच पक्षपात झाला असता. दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याची कल्पना मी नक्कीच घेतली असती. आता तुम्ही म्हणाल, केवढी ही अक्कल! पण तेव्हा मला तेच सरळ वाटलं. मी त्याचीच जुनी समीकरणं घेतली आणि एका प्रचंड पोकळीच्या मध्यावर, मागच्या लाखो दीर्घिकांना चिमूट चिमूट ताण देत, एक रिता धागा ओढला. इतकं सुबक काम झालं म्हणून सांगू! तेव्हा रंगा ठणठणीत होता. रविवारी मिसळीवर दोनदा कट मागून घेत होता.

ज्या आठवड्यात त्याच्या पोटदुखीचे रिपोर्ट आले, त्याच आठवड्यात त्याच्या गटाला धागा सापडला.

रिपोर्ट आम्ही दोघांनी मिळून वाचला. स्वादुपिंडाचा कॅन्सर. आम्ही गाडीत बसून राहिलो, गाडी सुरू करायचं सुचेना.  आणि तिसऱ्या दिवशी दुपारी तो ऑफिसातून धावत, हो, धावत घरी आला आणि चपला न काढता फ्रिजसमोर उभा राहिला.

"फ्रिजराव," तो म्हणाला. "फ्रिजराव, सापडला. रिता. एकही दीर्घिका नाही त्याच्यावर. मी मांडलं होतं तस्सा."

मी वांगी चिरत होते. विळी सरकवली आणि भिंतीला टेकले. बरं झालं, तो माझ्याकडे बघत नव्हता. त्याचे खांदे हलत होते. इतक्या वर्षांत या माणसाला मी रडताना पाहिलं नव्हतं. रिपोर्ट वाचतानाही तो रडला नव्हता.

"अरे वा," मी म्हणाले. काय बोलणार दुसरं?

"मीठ असेल म्हणतात आमच्या गटातली पोरं," तो फ्रिजला सांगत होता. "असेलही. नियम आहे तो. पण फ्रिजराव, मीठ घालणाऱ्या बाईला मी ओळखतो. ती सगळ्या जगाला मीठ घालेल, पण माझ्याशी असली थट्टा नाही करणार."

 मला ओरडून सांगावंसं वाटलं, की अरे थट्टा नव्हती रे, तुझा मान ठेवला होता. तुझी कल्पना इतरांच्या बरोबरीनं घेतली होती. पण मी विळी पुन्हा पुढे ओढली.

आता औषधाचं. डॉ. निलोफर इनामदार म्हणून आमच्या डॉक्टर होत्या, बोलायला स्पष्ट आणि मनानं फार मऊ. त्यांनी समजावून सांगितलं की पूर्वीसारखं राहिलेलं नाही, आता या आजारावर एक नेमकं गाठीवर जाणारं औषध आलंय. बरं करेल असं नाही, पण वर्ष-दीड वर्ष हातात देईल, कदाचित जास्तही. अडचण दोन गोष्टींची. एक म्हणजे यकृत चांगलं आहे तोवरच ते सुरू करायचं. आणि दुसरी म्हणजे पहिले काही महिने डोकं चालत नाही. वाचलेलं लक्षात राहत नाही, साधी बेरीज जमत नाही, माणूस सुन्न बसून राहतो. नंतर हळूहळू निवळतं.

"पेपर किती दिवसांत गोठेल?" रंगानं स्वतःशीच विचारल्यासारखं विचारलं.

"कसला पेपर?" डॉक्टर म्हणाल्या.

"डॉक्टर, मला थोडी मुदत द्या. एक काम आहे. ते झालं की तुमचं औषध घेतो, मग माझ्या डोक्याचा भुगा झाला तरी चालेल."

"श्रीरंगराव, आजार मुदत देत नाही. मी कुठून देऊ?"

तो हसला आणि उठला. मी डॉक्टरांकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं. बाईसाहेबांना वाटलं असेल, ही बायको नवऱ्याला काही बोलत कशी नाही!

शाल्मली सांगलीला फिजिओथेरपिस्ट आहे. बातमी कळल्यावर ती रजा टाकून आली आणि आल्या आल्या बापाशी भांडली. "बाबा, तुमचा तो धागा अब्जावधी वर्षं तिथेच आहे ना? मग आणखी एक वर्ष थांबेल की! पोरं आहेत तुमची, ती लिहितील पेपर."

"लिहितील गं. पण पंचवीस वर्षं लोकांनी मला हसून घेतलंय. आता उत्तर मी माझ्या हातानं लिहिणार. डोकं शाबूत असताना."

"आणि मी? आई? आमचं काय?"

रंगा तिच्याजवळ गेला. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "तुझ्या बापाला आयुष्यात एकदा तरी बरोबर असू दे."

ती स्वयंपाकघरात आली आणि माझ्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. "आई, तू सांग ना त्यांना. तुझं ऐकतात ते." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. माझ्या एका वाक्यात त्याचं वर्ष-दीड वर्ष होतं आणि त्याच वाक्यात त्याचा सगळा आनंदही होता, तो एका फटक्यात मोडणारा. मला दोन्ही दिसत होतं. बोलवत मात्र नव्हतं.

शेवटी मी शेनॉय सरांकडे गेले. ते समितीचे प्रमुख, मूळचे कारवारचे, मराठी गोड कोंकणी वळणाची. मीठ कुठलं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी फक्त रंगाच्या औषधाचं सांगितलं आणि म्हणाले, "सर, मला मोकळीक हवी." एवढ्यावरून ते काय ते समजले. म्हातारा माणूस, त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"वृंदाबाई, नियम माणसांनीच केले हो. माणसापेक्षा मोठे नाहीत ते. तुम्हाला सांगायचं असेल तर सांगा. फक्त मग श्रीरंगांना पेपरमधून बाहेर पडावं लागेल, आणि या वर्षीचं सगळं मीठ बाद होईल. होऊ दे. जगभरच्या लोकांना मी उत्तर देईन."

"म्हणजे मी ठरवायचं?"

"होय. दुसरं कोण ठरवणार?"

माझी अशी समजूत होती की ते नाही म्हणतील. ते नाही म्हणाले असते तर मी आयुष्यभर त्यांच्या नावानं बोटं मोडली असती आणि सुटले असते. आता बोला!

घरी येताना वाक्य तयार केलं. रिक्षात घोकलं. दार उघडलं तर आत रंगाच्या गटाची चार-पाच मंडळी, जमिनीवर कागद पसरलेले, आणि मध्ये रंगा. अंगावरचा सदरा लोंबत होता, इतका वाळला होता, पण चेहरा! लग्नाच्या वेळीसुद्धा हा इतका उजळला नव्हता. कुणीतरी विचारलं की धाग्याची जाडी दोन पद्धतींनी वेगळी येतेय, आणि हा मांडीवर थाप मारून म्हणाला, "येणारच! तीच तर गंमत आहे!" आणि अर्धा तास बोलत सुटला. पोट धरून बोलत होता, मधेच कळ आली की डोळे मिटायचा, आणि ओसरली की पुढचं वाक्य.

सगळे गेल्यावर मी त्याच्यासमोर बसले. "रंगा, इकडे बघ."

"कामाचं आहे?"

"हो."

"मग नाही बघणार." आणि त्यानं खरंच तोंड खिडकीकडे फिरवलं.

"रंगा, औषध आता सुरू कर. माझं ऐक. काही काही गोष्टींसाठी जीव..."

"वृंदा," तो खिडकीकडे बघतच म्हणाला, "तुझ्या आवाजातही काही कळू देऊ नकोस गं. मी किती जपलंय ते."

तिथे मी सांगायला हवं होतं. त्याचं तोंड दोन्ही हातांनी माझ्याकडे वळवून सांगायला हवं होतं, की तो धागा माझा आहे, तू कशासाठी मरतोयस? मी उठले आणि वरण गरम करायला ठेवलं. भ्याले मी. मला त्याचा तो चेहरा मोडायचा नव्हता. आणि खरं सांगायचं तर, मला मनातून कुठेतरी बरंही वाटत होतं, की याला आयुष्यात जे कुणी दिलं नाही ते मी दिलं. लाज वाटते सांगायला, पण वाटलं होतं तसं.

पुढचे दिवस माझे नव्हतेच, धाग्याचे होते. सकाळी गोळ्या, मग कागद. दुपारी झोप, मग कागद. मला वाटायचं, यानं जरा माझ्याशी बोलावं. कोयनेला फिरायला गेलो होतो ते आठवावं, शाल्मलीच्या लग्नाचं काही म्हणावं. पण तो फ्रिजशी बोलायचा. मला माझ्याच खोटेपणाचा मत्सर वाटायला लागला, इतकी वाईट अवस्था. त्याची लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसायला लागले. मी म्हणाले, "डॉक्टरांकडे जाऊ." तो म्हणाला, "निष्कर्षाचा परिच्छेद राहिलाय."

मग एका दुपारी पेपर गोठला. त्यानं आतून हाक मारली, "वृंदा! ये इकडे. आता बघायला हरकत नाही. एक शब्दही आता कुणाच्या बापाला बदलता येणार नाही. ये, बस अशी समोर."

मी पदराला हात पुसत गेले. त्यानं माझी हनुवटी धरली आणि पहिल्यांदा, किती तरी महिन्यांनी, कामाचा विषय काढून माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"तू सांगू नकोस," तो म्हणाला. "सभेत सांग. मी फक्त बघतो."

त्या माणसाला माझा चेहरा वाचता यायचा. भाजीतलं तिखट कळायचं त्याला. मी जिवाच्या आकांतानं हसले. सगळं आयुष्य गोळा करून हसले. आणि त्याला ते खरं वाटलं. आजारानं त्याची नजर मंदावली होती की त्याला तेच वाचायचं होतं, मला माहीत नाही. तो हळूच म्हणाला, "खरा आहे. वृंदा, खरा आहे तो," आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून लहान मुलासारखा रडला.

थोड्या वेळानं डोकं वर करून तो म्हणाला, "चल, आता डॉक्टरांकडे जाऊ. औषध सुरू करू."

"आत्ता?"

"मग कधी? अगं, आता तर जगायला पाहिजे! हा पहिला धागा झाला. याच्यासारखे आणखी असणार. विशालाक्षीचे दक्षिणेकडचे फोटो दोन वर्षांत येतील, ते मला बघायचेत. वर्षभर डोकं नाही चाललं तरी चालेल, नंतर निवळतं म्हणाल्यात ना त्या. ऊठ, साडी बदल. शाल्मलीला फोन कर, म्हणावं, बाप तयार झाला."

मी शाल्मलीला फोन केला. ती फोनवर आनंदानं ओरडली.

डॉ. इनामदारांनी रक्त तपासलं. रंगाला बाहेर बसवून मला एकटीला आत बोलावलं. यकृत गेलं होतं. हे औषध आता दिलं तर औषधानंच जाईल, त्या म्हणाल्या. मी म्हणाले, "थोडं कमी करून द्या, अर्धं द्या, काहीतरी द्या हो!" त्यांनी माझा हात धरून ठेवला. मग त्यांनी स्वतःच बाहेर जाऊन रंगाला सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "यकृत सुधारायला काय करावं लागेल? मी सगळं करीन. पथ्य पाळीन." डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "बघू, दुसऱ्या कुणाला दाखवू." आम्ही दुसऱ्यांना दाखवलं, तिसऱ्यांना दाखवलं.

तो शांतपणे गेला असं लोकांना सांगायची पद्धत आहे. रंगा शांतपणे गेला नाही. त्याला जगायचं होतं. शेवटपर्यंत तो शाल्मलीचा हात घट्ट धरून म्हणत होता, "मला थोडंच द्या. थोडंच हवंय." एरवी कुणापुढे हात न पसरणारा माणूस, पण मागत मागत गेला.

मीठ उघडायची सभा ठरल्या दिवशी झाली. शेनॉय सर म्हणाले होते पुढे ढकलू, पण मी नको म्हणाले. सभागृह भरलं होतं, देशोदेशींची माणसं पडद्यावर होती. पेपरवर पहिलं नाव रंगाचं, म्हणून शाल्मली पुढच्या रांगेत, बापाचं घड्याळ हातात घालून बसली होती. मी उभी राहिले आणि वाचलं, की पोकळीतला रिता धागा हे मीठ आहे, ते मी घातलं, आणि श्रीरंग घोरपडे यांच्या गटानं ते जागा, लांबी, वजन, सगळ्यासकट बिनचूक पकडलं. कुणीतरी मागून म्हणालं, "म्हणजे पद्धत चोख आहे," आणि लगेच जीभ चावली. रंगाची पोरं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती. शेनॉय सर शाल्मलीजवळ जाऊन बसले आणि हळू आवाजात तिच्याशी काहीतरी बोलले. माझी बाजू मांडत होते बिचारे. आईला मोकळीक दिली होती, तिलाही सोपं नव्हतं, असलं काहीतरी.

सगळे चहाला गेले. शाल्मली माझ्याजवळ आली.

"आई, बाबांनी औषध पुढे ढकललं, तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि सर म्हणाले होते, सांगा म्हणून?"

"हो."

"मग?"

"मला जमलं नाही गं. इतका खूश होता तो. त्याचा चेहरा तू पाहिला असतास..."

"पाहिला होता मी. मीही त्याच घरात होते." ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. "तुला जमत नव्हतं ना? मग मला सांगायचंस. मी सांगितलं असतं बाबांना. ते चिडले असते, जन्मभर माझ्याशी बोलले नसते, पण औषध घेतलं असतं त्यांनी."

 देवाशप्पथ सांगते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सांगू की नको, सांगू की नको, यातच मी महिनेच्या महिने घालवले. सांगणारी मीच, असं धरून चालले. घरात आणखी एक माणूस होतं, त्याचा बाप मरत होता, ते माझ्या गळ्यात पडून विनवत होतं, आणि त्याला विचारावं असं मला एकदाही वाटलं नाही. समितीला विचारायला मी गेले, आणि पोटच्या पोरीला विचारलं नाही.

"शालू..." मी म्हणाले.

"गाडीची वेळ झाली," ती म्हणाली, आणि गेली.

आता ती रविवारी फोन करते. न चुकता करते. जेवलीस का विचारते, मी जेवले म्हणते. गुडघा कसा आहे विचारते, व्यायाम सांगते.  बाबांचं नाव तीही काढत नाही, मीही काढत नाही. मग ती म्हणते, "ठेवते हं," आणि मी म्हणते, "ठेव बाळा."